एकेचाळीस तपकिरी खुर्च्या

त्या कारखान्यात पंधरा माणसं होती आणि चालणारे डोळे एकच जोडी. ती जोडी ज्याच्याकडे होती त्याला सगळे दुर्बीण म्हणत. हे नाव रेडिओनं ठेवलेलं. रेडिओ म्हणजे खिडकीजवळच्या बाकावर बसून दिवसभर खुर्च्या विणणारा आणि दिवसभर बोलणारा गडी. त्याचं स्वतःचं नाव ठेवलं होतं अक्कानं. अक्का तिथली सगळ्यांत जुनी विणकर, आणि तिची बोटं फिरल्याशिवाय एकही खुर्ची दाराबाहेर जात नसे.

काम वेताच्या खुर्च्यांचं. लाकडी सांगाडे सुताराकडून यायचे, बैठकीच्या चौकटीला चारी बाजूंनी भोकं पाडलेले. वेताची पट्टी पाण्यात भिजवायची आणि भोकांतून ओवत न्यायची, उभी, आडवी, पुन्हा उभी, पुन्हा आडवी, शेवटी दोन्ही बाजूंनी तिरपी. सहा फेऱ्या झाल्या की जाळी अशी घट्ट बसते की तिच्यावर भरल्या अंगाचा माणूस वीस वर्षं बसला तरी ती हूं की चूं करत नाही. हे सगळं बोटांचं काम. डोळे लागतात ते नंतर. पॉलिशचा ओघळ कुठे आलाय, डाग कुठे पडलाय, आलेल्या मालाच्या पावतीवर काय लिहिलंय, सही कुठे करायची. एवढ्यासाठी दुर्बीण.

अकरा वर्षांपूर्वी तो इथे आला तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता आणि सात महिने घरी बसून होता. त्याआधी बाटल्यांच्या एका कारखान्यात होता. दिव्यासमोरून बाटल्या सरकत जायच्या आणि जिच्या काचेत बुडबुडा असेल ती हा उचलून बाजूला ठेवायचा. तो कारखाना बंद पडला. पुढे ज्या दारात जाईल तिथे आधी वय विचारत आणि मग गोड बोलून वाटेला लावत. शेवटी कोणीतरी या जागेचा पत्ता दिला. जागा चालवणाऱ्या बाई जन्मापासून आंधळ्या. त्यांनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला.

"तुमचे डोळे कसे आहेत?"

"उत्तम."

"मग उद्यापासून या. आमच्याकडे बाकी सगळं आहे, तेवढेच कमी पडतात."

घरी येऊन त्यानं हे बायकोला तीनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा सांगताना त्याला रडू आलं. त्या पगारावर मुलगी शिकली, आईचं लांबलेलं आजारपण निभावलं, घरावर नवं छप्पर आलं. त्या जागेचं मीठ त्यानं खाल्लं होतं आणि ते तो एक दिवसही विसरला नाही.

आता, आंधळी माणसं एकत्र बसून काम करतात म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लगेच आश्रम उभा राहतो. हा आश्रम नव्हता. हा धंदा होता, चांगला खणखणीत धंदा, फक्त त्याला मालक नव्हता. कागदोपत्री संस्था, आणि नफा कोणाच्याही खिशात जायचा नाही असा नियम. पण नफा झालाच पाहिजे, हा त्याहून मोठा नियम. कारण नवा माणूस शिकायला आला की सहा महिने त्याच्या हातून विकण्यासारखी एकही खुर्ची होत नाही, आणि तरी त्याला पहिल्या दिवसापासून पगार. तो पगार तयार विणकरांच्या खुर्च्यांमधून निघे. ऑर्डर चांगली मिळाली की शिकणाऱ्यांसाठी एक बाक वाढे, नाही मिळाली की रांगेतली माणसं रांगेतच थांबत. रांग कायम असे.

दारावर पाटी होती, ‘वेताच्या खुर्च्या. नव्या आणि दुरुस्तीच्या.’ बस, एवढंच. मागे एक दानशूर गृहस्थ आले होते. म्हणाले, बाई, पाटीवर तुमच्याबद्दल लिहा, फोटो लावा, बघा कशा हातोहात जातात. बाई म्हणाल्या, "एकदा जातील. कीव येऊन घेतलेली खुर्ची माळ्यावर जाते हो. चांगली म्हणून घेतलेली रोज वापरात राहते, आणि वीस वर्षांनी मोडली की माणूस ती घेऊन आमच्याच दारात येतो." गृहस्थांनी चहा घेतला आणि जाताना सहा खुर्च्यांची ऑर्डर दिली. त्यांतली एक त्यांनी नंतर पाय डुगडुगतो म्हणून परतही पाठवली, तेव्हा बाईंना कोण आनंद झाला होता.

बाईंचा बहुतेक धंदा फोनवर चाले. गिऱ्हाइकाला पत्ताच नसे की पलीकडे बोलणारीला दिसत नाही. माल जायचा, पैसे यायचे, बोलणं खुर्चीबद्दलच व्हायचं.

तर अशा जागी, जिथे डोळ्यांची एकच जोडी, तीही दीड वर्षापूर्वी विझायला लागली.

आधी संध्याकाळी पायऱ्या चुकायला लागल्या. मग कडेनं येणारी माणसं अचानक समोर उगवायला लागली. डॉक्टर म्हणाले, आतली नस सुकतेय, गेलं ते परत येणार नाही आणि उरलंय तेही हळूहळू जाईल. आता त्याला जग दाराच्या भोकातून दिसावं तेवढंच दिसे, आणि त्या गोलात जे असे त्याचाही रंग धुऊन धुऊन गेलेल्या कापडासारखा.

बायको रोज म्हणायची, "अहो, सांगून टाका ना बाईंना."

"काय सांगू? डोळे म्हणून ठेवलं होतंत, ते गेले, आता मला ठेवा? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि उघडली की?"

चोपन्न वर्षांच्या माणसाला बाहेर कोण विचारतं हे त्यानं त्रेचाळीसाव्या वर्षीच पाहिलं होतं. पण खरं सांगायचं तर त्याला नोकरीपेक्षाही ती माणसं सुटायची भीती होती. अकरा वर्षांत तो एकदाही कंटाळून कामावर गेला नव्हता. ही गोष्ट किती जणांना सांगता येते?

म्हणून त्यानं तोडगा काढला. खुर्च्या तो बोटांनी तपासायला लागला. डाग हाताला लागत नाही, पण खडबडीत पॉलिश लागतं. पावत्या खिशात घालून घरी नेई, बायको वाचून दाखवी. आणि नशीबही त्याला साथ देत होतं. पूर्वी त्या लांबलचक खोलीत वाटेत काय काय पडलेलं असे, स्टुलं, पाण्याच्या बादल्या, वेताचे भारे, आणि विणकरांना त्या जागा पाठ. ओरडून ओरडून त्याचा घसा बसे. अलीकडे मात्र सगळं जिथल्या तिथे. वाट स्वच्छ, बादली भिंतीला चिकटून, चहाचा कप नेमका मेजाच्या उजव्या कोपऱ्यावर. इतक्या वर्षांच्या ओरडण्याचा परिणाम झाला म्हणायचा एकदाचा, असं त्यानं बायकोला छाती फुगवून सांगितलं होतं.

तेवढ्यात वाचनालयाची ऑर्डर आली. जुन्या इमारतीतला वाचनकक्ष नवा होत होता, त्यासाठी नव्वद खुर्च्या. एवढी मोठी ऑर्डर पहिल्यांदाच. बाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की ही नीट पार पडली तर शिकणाऱ्यांचे दोन बाक वाढतील. रांगेत पुढे असलेली मुलगी दर सोमवारी फोन करून विचारायची, झालं का माझं? तिला बाई म्हणाल्या, होतंय.

चाळीस-पन्नास खुर्च्या झाल्या आणि वेत संपत आला. पुरवठादारानं नवा माल पाठवला. गाडीवाल्यानं पावती पुढे केली, दुर्बीणनं खाली सही केली आणि कागद खिशात घातला. त्या दिवशी बायको माहेरी गेली होती. ती परत येईपर्यंत सदरा धुऊन निघाला आणि पावतीचा लगदा झाला. त्या पावतीवर पुरवठादारानं लिहिलं होतं की पिवळा वेत संपलाय, तपकिरी पाठवतोय, चालत नसेल तर लगेच कळवा.

हाताला दोन्ही वेत सारखेच. तीच जाडी, तोच गुळगुळीत वरचा भाग. विणकरांनी विणला, अक्कानं बोटं फिरवली, रेडिओनं बोलता बोलता खुर्च्या कागदात गुंडाळल्या. गुंडाळण्याआधी दुर्बीणनं प्रत्येक खुर्ची आपल्या गोलातून पाहिली आणि त्याला सगळ्या सारख्याच मळकट दिसल्या. नव्वद खुर्च्या वेळेच्या दोन दिवस आधी गेल्या.

तिसऱ्या दिवशी वाचनालयाच्या व्यवस्थापकांचा फोन आला. बाईंनी ऐकून घेतलं, ‘मी येते’ म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "दुर्बीण, ते म्हणतात एकोणपन्नास पिवळ्या आहेत आणि एकेचाळीस तपकिरी. चला."

त्याच्या पायांखालची जमीनच सरकली.

वाचनकक्ष उंच होता, एका बाजूला मोठमोठ्या खिडक्या. त्या उजेडात पहिल्यांदाच त्याला फरक दिसला, पुसटसा, पण दिसला. एका लांब मेजाभोवती पिवळी, तपकिरी, तपकिरी, पिवळी, कशाही. एखाद्यानं दोन घरांच्या खुर्च्या पंगतीला मागून आणाव्यात तशा.

व्यवस्थापक तावातावानं दाराशी आले. हातात मोजपट्टी, तोंडात तयार भाषण. पण त्यांची नजर बाईंच्या हातातल्या पांढऱ्या काठीवर गेली आणि भाषण घशातच राहिलं.

"अरे," ते म्हणाले. "मला... मला कोणी सांगितलंच नाही हो. म्हणजे या सगळ्या खुर्च्या..."

"आमच्या विणकरांनी विणल्यात," बाई म्हणाल्या. "तेरा जण आहेत. कोणालाच दिसत नाही."

व्यवस्थापकांचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला. माणूस वाईट नव्हता, उलट भलता चांगला होता, हीच अडचण होती. "मग राहू द्या हो! काही बदलू नका. आम्ही चालवून घेऊ. बिचाऱ्यांनी केवढे कष्ट घेतले असतील. दिसत नाही म्हटल्यावर रंगाचं एवढं तेवढं व्हायचंच. पैसे पूर्ण देतो, काळजी करू नका."

झालं! सगळं मिटलं होतं. पैसे पूर्ण, दोन बाक शाबूत, मूठ झाकलेली. दुर्बीणनं फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं त्याला दीड वर्षाच्या सवयीनं चांगलं जमत होतं.

पण त्याच्या गोलात त्या वेळी नेमका बाईंचा चेहरा होता. अकरा वर्षांत त्यानं तो चेहरा रागावलेला पाहिला होता, हसताना पाहिला होता, ऑर्डर हातची गेली तेव्हा काळवंडलेला पाहिला होता. असा मिटलेला कधी पाहिला नव्हता. ‘बिचाऱ्यांनी’ या शब्दावर तो मिटला होता. अक्काची बोटं अर्ध्या दोऱ्याची चूक पकडतात. तिच्या चाळीस वर्षांच्या हुशारीवर कोणीतरी प्रेमानं ‘चालवून घेऊ’चा शिक्का मारत होतं, आणि तो तिच्या चुकीसाठी नव्हे, दुर्बीणच्या चुकीसाठी.

"साहेब," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "विणणाऱ्यांची काही चूक नाही. जाळी बघा, एक तरी दोष काढून दाखवा. रंग बघायचं काम माझं होतं. त्या मालाच्या पावतीवर सही माझी आहे. पावती मी वाचली नाही, कारण मला वाचता येत नाही आता. मला दिसत नाही, साहेब. दीड वर्ष झालं. मी यांना सांगितलं नाही."

व्यवस्थापकांनी कोणाकडे बघावं ते त्यांना कळेना. बाई मात्र पहिल्यांदा ताठ झाल्या.

"ऐकलंत ना," त्या म्हणाल्या. "तुम्ही नव्वद खुर्च्या एका रंगात मागितल्या होत्या. एकेचाळीस आम्ही परत नेतो. दहा दिवसांत पिवळ्या करून देतो, आमच्या खर्चानं. त्यानंतरही पसंत पडल्या नाहीत तर पैसे देऊ नका. आणि पडल्या, तर चालवून घेऊ नका, चांगल्या आहेत म्हणून घ्या."

व्यवस्थापकांनी मान हलवली, मग लक्षात येऊन तोंडानं म्हणाले, "हो. बरोबर आहे तुमचं." थोडं थांबून त्यांनी जवळची एक खुर्ची ओढली, तिच्या जाळीवर दाबून पाहिलं आणि अगदी वेगळ्या आवाजात विचारलं, "ही तिरपी फेरी सगळ्यात शेवटी घालतात का?" दोघं मग पाच मिनिटं जाळीबद्दलच बोलत उभे राहिले.

परतीच्या रिक्षात दुर्बीण म्हणाला, "उद्यापासून मी येत नाही, बाई."

"आम्हाला सव्वा वर्षापासून माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"काय?"

"तुम्हाला दिसत नाही ते. तुमची पावलं बदलली. आधी तुम्ही खोलीतून सरळ चालत यायचात, मग भिंतीच्या कडेनं यायला लागलात. खुर्चीवर हात फिरवल्याचा आवाज येतो हो, बघितल्याचा येत नाही. एके दिवशी तुम्ही बादलीत पाय घातलात आणि ‘कोणी ठेवली ही’ म्हणून ओरडलात. ती वर्षानुवर्षं तिथेच असायची. अक्कानं त्याच संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं की आजपासून वाटेत काही ठेवायचं नाही."

दुर्बीण थक्क झाला. म्हणजे ती स्वच्छ वाट! तो उजव्या कोपऱ्यावरचा कप! आणि हा इकडे शिस्त लावली म्हणून मिशीला पीळ भरत होता. त्याला शरम वाटली, हसू आलं आणि डोळे भरून आले, हे सगळं एकाच वेळी. तेरा आंधळ्या माणसांनी त्याच्यासाठी सव्वा वर्ष वाट झाडून ठेवली होती आणि त्याचं श्रेयही त्यालाच घेऊ दिलं होतं.

"मग रंगाचं का नाही विचारलंत मला?" तो म्हणाला.

बाई थोड्या ओशाळल्या. "आम्हाला वाटलं, तेवढं तरी दिसत असेल. आम्हाला काय कळतं, किती दिसलं म्हणजे रंग दिसतो ते? डोळस माणसं उठताबसता रंगांबद्दल बोलतात. लाल साडी, निळं दार, पिवळा पडलास. आम्ही धरून चाललो की रंग दिसायला सगळ्यात सोपा असणार."

दुर्बीण पोट धरून हसला. रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं. हसता हसता त्याचं हसू कधी ओसरलं ते त्याला कळलं नाही.

"हसू नका. चूक तुमची एकट्याची नाही," बाई म्हणाल्या. "गिऱ्हाइकानं आमची कीव करू नये म्हणून मी आयुष्यभर भांडले, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तुमची कीव केली. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत बसलो. माल बिघडला तो त्यामुळे. आता हे नाही चालायचं. डोळ्यांच्या कामावर मी तुम्हाला ठेवू शकत नाही."

"ते मी समजूनच आहे."

"शिकायच्या रांगेत नाव घाला. तुमच्या आधी तिघं आहेत, तुम्ही चौथे. नंबर येईपर्यंत वेत भिजवायचं आणि माल बांधायचं काम आहे, पगार त्या कामाचा मिळेल, कमी मिळेल. जमेल?"

"जमेल. पण मला कशाला, बाई?"

"अहो, नफा कशाला कमवतो आपण?" बाईंचा आवाज आता मऊ झाला. "नजर गेल्यावर माणसाला हात शिकता यावेत म्हणून. अकरा वर्षं तुम्ही आम्हाला त्यात मदत केलीत. स्वतःसाठीच करत होतात, एवढंच तुम्हाला ठाऊक नव्हतं."

त्यानं बाईंना नमस्कार केला. मग ते त्यांना दिसणार नाही हे लक्षात येऊन तोंडानं म्हणाला, "नमस्कार केला बाई, तुम्हाला." बाई म्हणाल्या, "पोहोचला."

कारखान्यात दुर्बीणनं सगळ्यांसमोर उभं राहून माफी मागितली. पहिला बोलला तो अर्थातच रेडिओ.

"म्हणजे आता डोळ्यांची एकही जोडी नाही?"

"नाही."

"बरं झालं. एकाच माणसासाठी दिवसभर दिवे लावून ठेवायला लागायचे."

अक्का रेडिओवर ओरडली, पण ओरडताना तीही हसत होती. मग ती दुर्बीणच्या दिशेनं म्हणाली, "बस खाली. बोलत काय उभा राहिलास? एकेचाळीस खुर्च्या सोडायच्यात."

विणलेली जाळी सोडणं हे विणण्यापेक्षा जिवावर येणारं काम. आठ दिवस सगळ्यांच्या नाकी नऊ आले. दुर्बीण जुना वेत कापून काढी, भोकं साफ करी, नवा वेत भिजवी. पुरवठादाराला बाईंनी सांगितलं की यापुढे पिवळ्या भाऱ्याला एक गाठ आणि तपकिरी भाऱ्याला दोन गाठी मारून पाठवायच्या. इतकी सोपी गोष्ट इतकी वर्षं कोणाला सुचली नव्हती, कारण डोळे होते ना घरात! डाग बघायला शेजारच्या निवृत्त पोस्टमनला रोज तासभर बोलावलं. त्यानं पहिल्याच दिवशी अकरा डाग शोधून काढले, आणि दुर्बीणला कळलं की दीड वर्षात आणखी काय काय दाराबाहेर गेलं असेल.

नवव्या दिवशी खुर्च्या पोहोचल्या. व्यवस्थापकांनी एक-एक फिरवून बघितली. एका खुर्चीच्या पायावर ओरखडा निघाला, तो त्यांनी स्पष्ट सांगितला, आणि ती बदलून घेतली. खर्च वाढल्यानं नफ्यातून दोनाऐवजी एकच बाक निघाला. तो सोमवारी फोन करणाऱ्या मुलीला मिळाला. पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या दुसऱ्या शाखेची ऑर्डर आली, तेव्हा पुढचा. दुर्बीणचा नंबर यायला आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत त्याला जो काही प्रकाश उरला होता तोही बहुतेक गेला. रोज संध्याकाळी घरी जाताना तो बाईंच्या दाराशी थांबून ‘येतो’ म्हणायचा आणि मनात हात जोडायचा. बायकोला म्हणायचा, मला रांगेत उभं केलं बघ त्यांनी, भीक नाही घातली.

मग एका सोमवारी तो बाकावर बसला, अक्काच्या डाव्या हाताला. चार महिने त्यानं नुसत्या उभ्या-आडव्या फेऱ्या घातल्या आणि सोडल्या. पाचव्या महिन्यात अक्का म्हणाली, घे, आता पूर्ण कर एक. त्याला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी सकाळी त्यानं ती खुर्ची उचलून अक्काच्या पुढ्यात ठेवली. खोलीतले सगळे हात थांबले. रेडिओसुद्धा गप्प झाला, म्हणजे बघा.

अक्काची बोटं जाळीवरून फिरली. मधून फिरली, कडेनं फिरली, खालून फिरली. एका जागी थांबली.

"डाव्या कोपऱ्यापासून चौथं भोक. पट्टी पालथी गेलीय."

"एकच आहे ना, अक्का? पहिलीच खुर्ची माझी."

"मग बसणाऱ्याला काय सांगू? पहिलीच आहे, जरा जपून बसा?"

सगळी खोली हसली.

"पूर्ण सोड," अक्का म्हणाली. "आणि भोकं मोजताना तंद्री लागते तुला, ती घरी ठेवून येत जा. माझ्या हाताखाली असं काम चालत नाही, कोणाचंही."

दुर्बीणनं खुर्ची उचलली. "अक्का, फार उपकार आहेत तुझे."

"उपकार कसले? पट्टी वाया घालवलीस. दुसरी भिजत घाल आधी."

संध्याकाळी बायको दारातच उभी होती. तिला माहीत होतं की आज निकाल आहे. "कशी झाली खुर्ची?"

"नापास केली. सगळ्यांसमोर बोलली मला. पूर्ण सोडायला लावली."

"मग हसताय काय असे?"

तो उंबऱ्यावर बसला आणि चपला काढायला लागला. "अगं," तो म्हणाला, "किती दिवसांनी कोणी मला बोललं!"

बायको त्याच्या शेजारी बसली, वेतानं कापलेली त्याची बोटं तिनं हातात घेतली आणि एकेक करून नीट बघितली.